विष्ठा प्रत्यारोपणानंतर चार महिन्यांनीही पोट बिघडलेलेच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेलेल्या ६८ वर्षांच्या आईंना दाढेच्या संसर्गासाठी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक दिले गेले आणि त्यानंतर क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, म्हणजे डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातल्या ‘सी. डिफ’, या जंतूमुळे जुलाब सुरू झाले. व्हँकोमायसिनने ते थांबले आणि पुन्हा उलटले. फिडॅक्सोमायसिननंतरही एकदा उलटले, आणि शेवटी कोलोनोस्कोपीतून निरोगी दात्याच्या विष्ठेचे प्रत्यारोपण करण्यात आले. पाण्यासारखे जुलाब तीन दिवसांत बंद झाले. मात्र चार महिने झाले तरी रोज सकाळी चहा-नाश्त्यानंतर दोन तासांत तीन-चार वेळा शौचाला जावे लागते. पहिल्यांदा बांधून होते, नंतर सैल. पोटात गुबारा धरतो, बेंबीखाली मुरडा येतो आणि शौचानंतर तो ओसरतो. रात्री त्रास नाही, ताप नाही, रक्त नाही, आणि घटलेले वजनही बहुतेक भरून आले आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी पँटोप्रॅझोल चालू आहे. पित्ताशय बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेले आहे. घराजवळच्या एका दवाखान्यात मलतपासणी केली, तेव्हा पीसीआर पॉझिटिव्ह आणि जंतूच्या विषाची चाचणी निगेटिव्ह आली, आणि तिथून व्हँकोमायसिनचा दहा दिवसांचा कोर्स लिहून मिळाला. मुलाने विचारले आहे, की प्रत्यारोपण फसले का, गोळ्या सुरू कराव्यात का, की पुन्हा एकदा प्रत्यारोपण करून घ्यावे?

पत्रात लिहिलेले सगळे तसेच्या तसे धरले, तर माझे मत असे आहे की प्रत्यारोपण फसलेले दिसत नाही, आणि व्हँकोमायसिन सुरू करण्याआधी तुम्ही प्रत्यारोपण करणाऱ्या पोटविकारतज्ज्ञांना फोन करून हे दोन्ही अहवाल त्यांच्यापुढे ठेवावेत. मी आईंना तपासलेले नाही, त्यामुळे निर्णय त्या तज्ज्ञांचाच राहील. पण जंतूचा रोग आणि त्या रोगानंतर उरलेले चिडके आतडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपचार परस्परविरोधी आहेत, आणि दुसऱ्यावर पहिल्याचा उपचार केला तर मिळवलेले घालवून बसण्याची शक्यता असते. तुमच्या प्रश्नातली खरी जोखीम मला इथे दिसते.

प्रत्यारोपणाने नेमके काय दुरुस्त होते, ते आधी पाहू. सी. डिफचे बीजाणू आपल्या पोटात अधूनमधून जातच असतात. ते रुजतात की नाही, हे मोठ्या आतड्यातल्या बाकीच्या जंतूंवर ठरते. यकृतात तयार होणारी प्राथमिक पित्ताम्ले या बीजाणूंना अंकुरायला मदत करतात. आतड्यातले काही जंतू याच आम्लांचे रूपांतर दुय्यम पित्ताम्लांत करतात आणि ही दुय्यम आम्ले सी. डिफची वाढ रोखतात. क्लिंडामायसिनसारख्या औषधाने ते रूपांतर करणारे जंतूच मारले गेले, की अंकुरण्याला चालना मिळते आणि वाढीला अटकाव राहत नाही. व्हँकोमायसिन सी. डिफला मारते खरे, पण बीजाणूंना मारत नाही आणि उपयुक्त जंतूंनाही सोडत नाही, म्हणूनच औषध थांबल्यावर काही आठवड्यांत रोग उलटतो. प्रत्यारोपणाने हा जंतूंचा समाज परत वसवला जातो. ॲमस्टरडॅमच्या गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वारंवार उलटणाऱ्या १६ रुग्णांपैकी १३ जण पहिल्याच प्रत्यारोपणात बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन घेतलेल्या १३ पैकी चारच. फरक इतका मोठा होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. तुमच्या आईंचे पाण्यासारखे जुलाब तीन दिवसांत थांबले आणि चार महिने परतले नाहीत, हे याच यशात मोडते. सी. डिफ उलटायचा असतो तेव्हा तो बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत उलटतो. त्यानंतर तो कधीच येत नाही असे नव्हे, पण मग त्याला बहुतेक वेळा नव्या अँटिबायोटिकचे निमित्त लागते. म्हणून पहिला प्रश्न माझाच आहे : गेल्या चार महिन्यांत दात, लघवी, सर्दी-खोकला अशा कोणत्याही कारणाने आईंना अँटिबायोटिक दिले गेले आहे का? दिले असेल, तर पुढचे सगळे थोडे वेगळ्या नजरेने वाचावे लागेल.

आता त्या पीसीआरकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे. ही चाचणी जंतूचे विष शोधत नाही. विष तयार करण्याची क्षमता असलेले जनुक मलात आहे की नाही, एवढेच सांगते. जंतू झोपलेला असो, बीजाणूच्या रूपात असो किंवा दोन-चार शिल्लक असोत, उत्तर पॉझिटिव्हच येते. उपचार पूर्ण यशस्वी झालेल्या अनेक रुग्णांत ती पुढे कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहते. जंतू आहे आणि आजार नाही, ही स्थिती मुळीच दुर्मीळ नाही. १९३५ मध्ये हा जंतू पहिल्यांदा सापडला तोच मुळी निरोगी अर्भकांच्या विष्ठेत, आणि आजही कितीतरी तान्ह्या बाळांच्या आतड्यात तो सुखाने नांदतो. म्हणूनच अमेरिकेतील मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की उपचारानंतर ‘बरे झाले का’ हे पाहण्यासाठी ही चाचणी करू नये आणि मल बांधून होत असेल तर मुळीच करू नये. आईंच्या अहवालात विषाची चाचणी निगेटिव्ह आहे. विषाची चाचणी काही वेळा खोटी निगेटिव्ह येते, हे मान्य. तरीही पीसीआर पॉझिटिव्ह, विष निगेटिव्ह आणि रुग्ण हिंडता-फिरता, या तिन्हींचा मेळ बहुधा ‘जंतू वस्तीला आहे, रोग नाही’ असा लागतो.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोष देण्याचे मात्र कारण नाही. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा न बांधलेले शौच, ही सी. डिफची तपासणी करण्याची प्रचलित अट आहे आणि आईंचे सकाळचे गणित एखाद्या दिवशी त्या अटीत बसते. नुसता आकडा विचारला तर उत्तर फसवे येते. आकड्यामागचा आकृतिबंध विचारावा लागतो. खरा उलटलेला सी. डिफ घड्याळ पाहत नाही. तो रात्री दोनलाही उठवतो, खाल्ले काय किंवा उपाशी राहिले काय फरक पडत नाही, शौच भरपूर आणि पाण्यासारखे होते, त्याला एक विशिष्ट उग्र दर्प असतो, अंगात कणकण असते, अन्नावरची वासना उडते आणि दोन-तीन दिवसांत माणूस गळून जातो. रक्तात पांढऱ्या पेशी चढतात. त्या १५,००० च्या वर गेल्या किंवा क्रिएटिनिन १.५ च्या वर गेले तर आजार तीव्र समजला जातो. याउलट पहिले शौच बांधून, मग थोडे थोडे सैल, पोट साफ न झाल्याची भावना, दुपारनंतर सगळे शांत आणि रात्री गाढ झोप, हे चित्र आतड्याच्या हालचालीचे आहे. अन्न पोटात गेले की मोठे आतडे आकुंचन पावते, ही प्रत्येकातली नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, ती सकाळी सर्वांत जोरदार असते आणि चहातल्या कॅफिनने आणखी वाढते. आजारातून उठलेल्या आतड्यात हीच प्रतिक्रिया अतिरेकी होते.

याला संसर्गोत्तर आयबीएस, म्हणजे संसर्गानंतर उरलेले चिडके आतडे, म्हणतात. सी. डिफची दोन विषे आतड्याच्या अस्तराला इजा करतात. जंतू गेला आणि अस्तर वरून भरून आले, तरी अस्तराखालच्या चेतातंतूंची संवेदनशीलता, सेरोटोनिन स्रवणाऱ्या पेशींची संख्या आणि सौम्य पातळीवरची दाहक पेशींची वर्दळ पूर्ववत व्हायला पुष्कळ वेळ लागतो. त्यामुळे नेहमीइतकाच वायू आता गुबारा वाटतो आणि नेहमीचीच कळ आता मुरडा वाटते. रुग्ण अतिशयोक्ती करत नसतो; त्याला खरोखरच तसे जाणवते. मेयो क्लिनिकच्या २०१६ मधील अभ्यासात सी. डिफ होऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या आणि आधी आयबीएस नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे २५ टक्के लोक आयबीएसच्या निकषांत बसले होते, आणि ज्यांचा आजार सात दिवसांपेक्षा जास्त लांबला होता त्यांच्यात हे प्रमाण अधिक होते. तीनदा संसर्ग झालेल्या आईंना हे व्हावे, यात आश्चर्य काही नाही. प्रत्यारोपण जंतूंचा समतोल परत आणते. चिडलेल्या चेतातंतूंना ते लगोलग शांत करील, अशी अपेक्षा मुळातच चुकीची आहे, आणि प्रत्यारोपणापूर्वीच्या समुपदेशनात ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही, असे माझे मत आहे. बहुतेकांचा हा त्रास महिन्यागणिक कमी होत जातो, काहींचा वर्ष-दोन वर्षे रेंगाळतो.

तरीही ‘आयबीएस आहे, सवय करून घ्या’ असे सांगून मी आईंना परत पाठवणार नाही, कारण तुमच्या पत्रात दोन गोष्टी अशा आहेत की ज्या आयबीएसचे सोंग हुबेहूब वठवतात. पहिली म्हणजे काढलेले पित्ताशय. पित्ताशय नसले की पित्त थेंबाथेंबाने सतत लहान आतड्यात येत राहते आणि लहान आतड्याच्या टोकाशी ते पूर्ण शोषले गेले नाही, तर मोठ्या आतड्यात पोचून तिथे पाणी सुटायला लावते. नाश्त्यानंतरची घाई आणि पिवळसर सैल शौच हा त्याचा नेहमीचा नमुना. कित्येक जण शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे हे सहज पेलतात आणि मग एखाद्या मोठ्या आतड्याच्या आजारानंतर तोल जातो. अमेरिकेत यासाठी उपाशीपोटी रक्तातील सी-फोर (शरीर किती पित्ताम्ले तयार करते ते दाखवणारा घटक) किंवा ४८ तासांच्या मलातील पित्ताम्ले मोजता येतात. ते शक्य नसेल तर पित्ताम्ले बांधून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूड किंवा कोलेसेव्हेलामच्या गोळ्या दोन आठवडे देऊन पाहणे हाही मान्य मार्ग आहे. आईंच्या बाबतीत मी कोलेसेव्हेलामकडे झुकेन, कारण ते रक्तातली साखरही थोडी उतरवते आणि अमेरिकेत टाइप-२ मधुमेहासाठीही त्याला मान्यता आहे. मात्र आधी ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावीत, कारण ती या औषधाने वाढतात. ही औषधे आतड्यात इतर गोळ्यांना चिकटून बसतात, म्हणून बाकीच्या गोळ्या कोणत्या वेळी घ्यायच्या ते डॉक्टरांकडून नीट लिहून घ्यावे; आणि पुढे कधी खरोखरच व्हँकोमायसिन द्यायची वेळ आली, तर कोलेस्टिरामिन त्यालाही बांधून निकामी करते, हे त्या वेळच्या डॉक्टरांना सांगावे.

दुसरी गोष्ट मेटफॉर्मिन. हे औषध वर्षानुवर्षे निमूटपणे पचवणाऱ्यालाही ते एखाद्या टप्प्यावर जुलाब करू शकते, आणि त्याचा नमुनाही जेवणानंतरच्या घाईचाच असतो. आजारपणात मात्रा वाढवली होती का, साधी गोळी आहे की सावकाश विरघळणारी, हे पाहा. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या संमतीने ती दोन आठवडे बंद ठेवून किंवा सावकाश विरघळणाऱ्या प्रकारात बदलून पाहिल्यास कोणत्याही महागड्या तपासणीपेक्षा लवकर उत्तर मिळते. त्याच वेळी घरातली औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करून मॅग्नेशियमच्या गोळ्या, ‘शुगर-फ्री’ गोळ्या-बिस्किटे, त्रिफळा चूर्ण असे काही चालू नाही ना, तेही बघावे. रुग्ण याला औषध समजत नाहीत आणि म्हणून सांगत नाहीत. पँटोप्रॅझोल खरोखर लागते का, हाही प्रश्न विचारावा. अशा गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत सी. डिफ अधिक आढळतो आणि साध्या आम्लपित्तासाठी ती वर्षानुवर्षे चालू राहण्याचे कारण अनेकदा ‘कोणी बंद केली नाही’ एवढेच असते.

याच गोळ्यांच्या संदर्भात सूक्ष्मदर्शी कोलायटिसचाही, म्हणजे मोठ्या आतड्याच्या फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या दाहाचाही, विचार करावा लागतो. तो पन्नाशी-साठीनंतरच्या स्त्रियांत अधिक दिसतो, कोलोनोस्कोपीत आतडे अगदी निरोगी दिसते आणि निदान फक्त तुकड्याच्या तपासणीत होते. म्हणून प्रत्यारोपणाच्या वेळी तुकडे घेतले होते का, हे अहवालात वाचून पाहा. त्या आजारात जुलाब पाण्यासारखे आणि बऱ्याचदा रात्रीही होतात, तेव्हा आईंच्या बाबतीत शक्यता कमी आहे. मलातील कॅल्प्रोटेक्टिन ही साधी चाचणी मी जरूर करीन; ती ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर आतड्यात मोठा दाह नाही, असा बराचसा दिलासा मिळतो. थायरॉइड आणि गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजारासाठीची रक्तचाचणी एकदा होऊन जावी. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी वयस्कर रुग्णांत हटकून राहून जाते : गुदाशयात घट्ट मल साचलेला असताना त्याच्या कडेने पातळ मल पाझरतो आणि त्याला जुलाब समजले जाते. बोटाने केलेली तपासणी किंवा पोटाचा एक्स-रे एवढ्यावर हे कळते. प्रत्यारोपणानंतर काही जणांना बद्धकोष्ठता होते, त्यामुळे ही शंका इथे अप्रस्तुत नाही.

व्हँकोमायसिन ‘खबरदारी म्हणून’ घ्यायला काय हरकत आहे, असे तुम्ही विचाराल. तोंडाने घेतलेले व्हँकोमायसिन रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे मूत्रपिंडाला धोका कमी आणि म्हणून ते निरुपद्रवी वाटते. पण ते जिथे काम करते ते मोठे आतडेच आहे, आणि दात्याकडून आलेले, पित्ताम्लांचे रूपांतर करणारे जंतू त्याला चांगलेच बळी पडतात. प्रत्यारोपणाच्या एक ते तीन दिवस आधी व्हँकोमायसिन मुद्दाम थांबवले जाते, ते याचसाठी. म्हणजे आईंना आज सी. डिफचा आजार नसेल, तर हा कोर्स त्यांना पुन्हा त्या आजाराच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवू शकतो. गंमत अशी की व्हँकोमायसिनवर आयबीएसच्या रुग्णालाही काही दिवस बरे वाटू शकते, कारण वायू करणारे जंतूही मरतात. मग सर्वांची खात्री पटते की सी. डिफच होता, आणि औषध थांबल्यावर पुन्हा तेच चक्र सुरू होते. हे चक्र मी अनेक रुग्णांत पाहिले आहे आणि ते तोडणे, ते सुरू न करण्यापेक्षा फार अवघड असते.

अर्थात काही परिस्थितींत वाट पाहायची नाही. दोन दिवस सलग पाण्यासारखे जुलाब, रात्री उठावे लागणे, १०१ च्या पुढे ताप, रक्त, लघवी कमी होणे, गुंगी, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तिथे प्रत्यारोपणाचा इतिहास पहिल्याच वाक्यात सांगावा. जुलाब अचानक थांबून पोट टम्म फुगले आणि दुखू लागले, तर ते बरे झाल्याचे लक्षण समजू नये. आतड्याची हालचाल थांबल्याची ती खूण असू शकते आणि तो तातडीचा प्रसंग आहे. रोग खरोखर उलटला असे सिद्ध झाले, तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण अशा वेळी दुसरे प्रत्यारोपण बहुतेकांना लागू पडते.

आहाराबद्दल तुम्ही लिहिले आहे की आई चार महिने मऊ भात, मुगाचे वरण आणि ताक एवढ्यावरच आहेत. हे आता थांबवायला हवे. आजारपणात ते योग्य होते, पण जंतूंच्या नव्या वसाहतीला तंतुमय अन्नाचे वैविध्य लागते आणि वयस्कर माणसाच्या स्नायूंना प्रथिने लागतात. दुसऱ्या टोकाला जाऊन एकदम मोड आलेली कडधान्ये आणि कोशिंबिरींचा मारा करू नये. माझा क्रम असा असतो : आधी दूध दोन आठवडे पूर्ण बंद, चहा कोरा किंवा लॅक्टोजमुक्त दुधाचा आणि सकाळी एकच कप. संसर्गानंतर दुधातली साखर पचवण्याची क्षमता काही काळ घटते आणि आपल्याकडे प्रौढांत ती मुळातच बेताची असते. दही बहुधा चालते, कारण विरजणातल्या जंतूंनी त्यातली काही साखर आधीच संपवलेली असते. एवढ्याने फरक पडला नाही तर चार ते सहा आठवडे कांदा, लसूण, गव्हाची पोळी, राजमा, छोले, चवळी, सफरचंद आणि आंबा बाजूला ठेवावेत. ज्वारीची भाकरी, भात, अंडी, मासे, पनीर थोडे, दोडका, पडवळ, गाजर, पालक, पिकत आलेले पण फार न पिकलेले केळे, संत्रे हे चालते. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरात वाढलेल्या बाईंना हे अमेरिकेतल्या रुग्णांपेक्षा सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. लसणाचा स्वाद हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात, कारण त्यातला त्रासदायक पदार्थ पाण्यात उतरतो, तेलात नाही. सहा आठवड्यांनंतर एकेक पदार्थ तीन-तीन दिवस खाऊन परत आणायचा असतो. ही दुसरी पायरी लोक गाळतात आणि आयुष्यभर अर्धपोटी जेवत राहतात. ते चूक आहे.

इसबगोल जुलाबात कसे चालेल, असा प्रश्न घरोघरी येतो. ते पाणी धरून ठेवते, म्हणून सैल मलाला घट्टपणा देते आणि कोरड्या मलाला ओलावा देते. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करून दहा-बारा दिवसांत दोन चमच्यांपर्यंत जावे, प्रत्येक वेळी पेलाभर पाण्याबरोबर आणि इतर गोळ्यांपासून दोन तास दूर. गव्हाचा कोंडा मात्र देऊ नये, गुबारा वाढतो. मुरड्यासाठी पेपरमिंट तेलाच्या आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतात आणि त्या वयस्करांना मुरडा थांबवणाऱ्या इतर गोळ्यांपेक्षा सोसतात. त्यांपैकी डायसायक्लोमिनने या वयात तोंड कोरडे पडणे, लघवी अडणे आणि गोंधळल्यासारखे होणे हे त्रास होऊ शकतात. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड तीव्र संसर्गात टाळतात, पण संसर्ग नाही हे पक्के झाल्यावर मंदिरात, लग्नात किंवा विमानात जाण्यापूर्वी अर्धी-एक गोळी घेण्यात गैर काही नाही. घराबाहेर पडण्याची भीती गेली, की निम्मा आजार हलका होतो. रिफाक्सिमिनला अमेरिकेत जुलाबाच्या आयबीएससाठी २०१५ पासून मान्यता आहे. ते बऱ्यापैकी सुरक्षित असले तरी अँटिबायोटिकच आहे, म्हणून सी. डिफ होऊन गेलेल्या रुग्णात मी ते अगदी शेवटी ठेवतो.

प्रोबायोटिक कॅप्सूल तुम्ही आधीच सुरू केल्या आहेत. त्या बंद केल्या तरी चालतील. सी. डिफ उलटू नये म्हणून त्यांचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांत स्वतःचे मूळ जंतू परतायला उलट उशीर झाला. घरचे दही-ताक पचत असेल तर ते खुशाल खावे. त्यासाठी महिन्याला डॉलर मोजण्याची गरज नाही.

पुन्हा प्रत्यारोपण करावे का, याचे उत्तर सध्या नाही असे आहे. आयबीएससाठी प्रत्यारोपणाच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. नॉर्वेतील २०२० च्या चाचणीत निवडक दात्याच्या विष्ठेने चांगला फायदा दिसला, इतर काहींत दिसला नाही, आणि अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२४ मध्ये संशोधनाबाहेर आयबीएससाठी ते करू नये असेच सुचवले आहे. दात्याकडून काही भलते आले असेल का, ही तुमची शंका निराधार नाही : २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन रुग्णांना प्रत्यारोपणातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेल्याची आणि त्यातला एक दगावल्याची सूचना काढली होती. मात्र ते दोघेही दुबळ्या प्रतिकारशक्तीचे होते, आजार तीव्र तापासह आला होता, आणि त्यानंतर दात्यांची तपासणी अधिक कडक झाली. चार महिन्यांनंतरचा सकाळचा मुरडा त्या जातीचा नव्हे.

घरातल्या वागणुकीबद्दल एक सांगावेसे वाटते. नातवाला आजीपासून दूर ठेवणे, त्यांची ताटवाटी वेगळी करणे, याची आता गरज नाही. शौचानंतर साबण-पाण्याने हात धुणे मात्र सर्वांनी पाळावे. अल्कोहोलच्या जेलने बीजाणू मरत नाहीत, आणि संडासाची बैठक अधूनमधून ब्लीचने पुसावी. सतत ‘आज किती वेळा?’ असे विचारणेही बंद करा. त्याऐवजी आईंनी स्वतः तीन आठवडे एका वहीत वेळ, मलाचे स्वरूप आणि आदल्या जेवणातले पदार्थ लिहावेत. ती वही डॉक्टरांना पाच मिनिटांत जे सांगेल, ते आणखी एका पीसीआरने कळणार नाही.

यापुढे सर्वांत जपायचे ते अनावश्यक अँटिबायोटिकपासून. क्लिंडामायसिन, फ्लुओरोक्विनोलोन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे सी. डिफसाठी विशेष धोक्याची आहेत, हे एका चिठ्ठीवर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा आणि दंतवैद्यांना आधी दाखवा. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०२१ मध्ये दंतोपचारापूर्वीच्या प्रतिबंधक औषधांतून क्लिंडामायसिन वगळले, त्यामागे हेच एक कारण होते. लघवीची जळजळ किंवा ताप नसताना केवळ तपासणीत जंतू दिसले म्हणून औषध घेऊ नये. अँटिबायोटिक खरोखरच आवश्यक असेल, उदाहरणार्थ न्यूमोनियात, तर ते जरूर घ्यावे, पण त्या काळात कमी मात्रेत व्हँकोमायसिनचे संरक्षण द्यायचे का, हे तज्ज्ञांना विचारावे. आई नाशिकला परततील तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी लागेल. आपल्याकडे सैल शौच म्हटले की औषधाच्या दुकानातून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची पट्टी आणि सर्दी-तापाला सेफिक्झिम सहज हातात पडते, आणि सी. डिफचा विचार फारसा कोणाच्या मनात येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी तिथल्या तज्ज्ञांकडून प्रत्यारोपणाची तारीख, झालेले संसर्ग, आधी दिलेली औषधे आणि सध्याचे निदान लिहिलेले एक पानी पत्र घ्या, त्याची एक प्रत नाशिकच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आधीच पोचवा, आणि तिथे जुलाब झालेच तर औषधापूर्वी मलाची विष-चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत होते, हे आत्ताच विचारून ठेवा.